गाजरगवत, रानमोडी, जलपर्णी : काढण्याचे कर्तव्य कायद्याने कोणाचे?

रानजाई

नमस्कार. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका लहान गावात आमची शेती आहे आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर मी तीन वर्षांपासून काम पाहते. यंदा मृगाच्या पावसानंतर गायरान हिरवे दिसू लागले, तेव्हा मेंढरे घेऊन गेलेल्या मंडळींनीच प्रथम सांगितले की ही हिरवळ चाऱ्याची नाही, गाजरगवताची आहे. जेथे पवना, मारवेल आणि कुसळी उगवत असे, त्या उतारावर आता गुडघाभर गाजरगवत उभे आहे आणि जनावरे त्याला तोंड लावत नाहीत.

गायरानाला लागून साडेतीन एकर पडीक रान आहे आणि त्याचे मालक मुंबईला असतात. समितीने श्रमदानातून गायरान दोन वेळा साफ केले, परंतु बी त्या पडीक रानातून पुन्हा येते. मालकांना फोन केला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "हे मी काढावे असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे, तेवढे सांगा, मी मजूर लावतो." प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. तालुक्याच्या एका कार्यालयात गेले, तर तण हा शेतीचा विषय असल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी गायरान महसूल खात्याचे असल्याचे कळले. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले की जैवविविधतेचा प्रश्न असेल तर तुमची समितीच त्याला सक्षम आहे. समितीकडे एक नोंदवही आहे, एक शिक्का आहे आणि बँकेत नाममात्र शिल्लक आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. बाहेरून आलेल्या आणि स्थानिक वनस्पतींना हटवणाऱ्या झाडाझुडपांबाबत आपल्याकडे कायदा नेमका काय म्हणतो? एखाद्या जमीनधारकावर ती काढण्याचे बंधन आहे काय, आणि असल्यास ते बजावून घेणारे कार्यालय कोणते?

कलमवाचक

रानजाई, तुमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न साधा वाटतो, पण तो या विषयातील सर्वांत अवघड जागेवर बोट ठेवतो. मी वकिली करतो, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागेल, कारण तुम्हाला तीन दारे का दाखवली गेली याचे कारण तेथे आहे. शेती आणि पिकांचे किडीरोगांपासून संरक्षण हा राज्य सूचीतील विषय आहे. वने आणि वन्यजीव समवर्ती सूचीत आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणारी कीड रोखणे हेही समवर्ती सूचीत आहे. आणि परदेशातून बंदरावर येणारा माल ही केंद्राची बाब आहे. गाजरगवताला यातली एकही सीमा ठाऊक नाही, परंतु कागदावर ते शेतात एका खात्याचे, जंगलात दुसऱ्या खात्याचे आणि गायरानात तिसऱ्याच खात्याचे होते.

बंदरावरचा कायदा सर्वांत जुना आहे. १९१४ चा विनाशकारी कीटक व कीड अधिनियम आणि त्याखालील २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश यांनुसार आयात होणाऱ्या बियाण्याची, रोपांची आणि धान्याची तपासणी होते. ही व्यवस्था फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे आहे आणि त्या आदेशात निषिद्ध तणांची स्वतंत्र यादीही आहे. पण हा दरवाजावरचा पहारा आहे. जे तण पूर्वीच आत येऊन स्थिरावले, त्याचे काय करावे हे तो कायदा सांगत नाही.

दुसरा कायदा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. त्यात २०२२ साली सुधारणा झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिने "आक्रमक विदेशी प्रजाती" ही संज्ञा प्रथमच त्या अधिनियमात आणली. कलम ६२अ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून अशा प्रजातीची आयात, व्यापार, बाळगणे किंवा प्रसार यांचे नियमन करू शकते किंवा त्यांना मनाई करू शकते, आणि प्राधिकृत अधिकारी ती जप्त करून नष्टही करू शकतो. मात्र शब्दरचना नीट वाचावी. प्रजाती मुळात भारतातील नसावी आणि तिच्या प्रसारामुळे वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका असावा, अशा दोन अटी आहेत. म्हणजे देशाच्या एका भागातील वनस्पती दुसऱ्या भागात जाऊन उपद्रव करत असेल, तर ती या व्याख्येत बसत नाही. संसदेच्या समितीपुढे हे विधेयक असतानाही या मुद्द्यावर टीका झाली होती. शिवाय "करू शकते" हा अधिकार झाला, कर्तव्य नव्हे.

तिसरा कायदा तुमच्या समितीचा, म्हणजे जैविक विविधता अधिनियम, २००२. त्यातून चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, नागपूरचे राज्य जैवविविधता मंडळ आणि गावोगावच्या समित्या उभ्या राहिल्या. कलम ४१ समितीला संवर्धनाची आणि नोंदींची जबाबदारी देते. परंतु या अधिनियमाचा बराचसा भार जैविक संसाधने कोणी वापरावीत आणि त्यातील लाभ कोणाला मिळावा यावर आहे. समिती शुल्क आकारू शकते ते व्यापारासाठी संसाधने गोळा करणाऱ्यांकडून. जी वनस्पती कोणालाच नको आहे, तिच्यातून शुल्क कोठून येणार? २०२३ च्या सुधारणेनंतरही ही मूळ घडण बदललेली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर. जमीनधारकावर तण काढण्याचे बंधन घालणारी कायद्याची परंपरा आपल्याकडे आहे, पण ती शेतीच्या कायद्यांत आहे. १९४९ च्या पूर्व पंजाबच्या कायद्याच्या नावातच उपद्रवी तणांचा उल्लेख आहे. कर्नाटकाने १९६८ च्या कृषी कीड व रोग कायद्याचा आधार घेऊन १९७५ साली गाजरगवताला उपद्रवी तण म्हणून घोषित केले. आपल्याकडे त्याच घराण्यातला १९४७ चा मुंबई कृषी कीड व रोग अधिनियम आहे. तुमच्या ग्रामसभेने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कृषी विभागाकडे या अधिनियमाखाली काय करता येईल अशी लेखी विचारणा करावी, असे मी सुचवेन. तोंडी विचारणा केली की दार दाखवले जाते; लेखी विचारणेला लेखी उत्तर द्यावे लागते.

कृषिसेवक_निवृत्त

कलमवाचकांचे विवेचन वाचून समाधान वाटले. मी कृषी खात्यात चौतीस वर्षे काम केले. गाजरगवताची भारतात ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते पसरले असे मानले जाते आणि "काँग्रेस गवत" हे नाव त्याच काळाची आठवण आहे.

कायद्याच्या चर्चेत एक बाजू राहून जाते, ती जैविक नियंत्रणाची. मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला. पावसाळ्यात तो गाजरगवताची पाने चाळणीसारखी करतो. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठा वाद झाला आणि त्याची चौकशी करावी लागली. तेव्हा मला शिकायला मिळाले की एका परक्या जिवाला आवरण्यासाठी दुसरा परका जीव आणताना परवानगीची, चाचणीची आणि विलगीकरणाची पद्धत किती काटेकोर हवी. ही पद्धत आपल्याकडे आहे आणि ती या क्षेत्रातील आपल्या चांगल्या संस्थात्मक कामांपैकी एक आहे, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

आमच्या आजोबांच्या पिढीने फड्या निवडुंगाचा असाच वेढा पाहिला होता. १७९५ साली किरमिजी रंगाच्या धंद्यासाठी निवडुंगावरचा कीटक देशात आणला गेला, पण तो अपेक्षित जातीचा निघाला नाही. त्याने रंगाऐवजी निवडुंगाची एक जात मात्र संपवत आणली. नंतर १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचा कीटक श्रीलंकेहून हेतुपूर्वक आणला गेला आणि उरलेल्या निवडुंगाचाही जोर ओसरला. आज तरुण शेतकऱ्याला निवडुंगाचा उपद्रव सांगितला तर त्याला तो खरा वाटत नाही.

रानजाई, व्यवहाराची गोष्ट. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. तुमच्याकडे पाऊस जूनमध्ये झाला असेल, तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिली पिढी फुलून बी टाकून मोकळी होते. एका झाडापासून हजारो बिया होतात. म्हणून उगवणीनंतर चौथ्या आठवड्याच्या आत, माती ओली असताना, मुळासकट उपटणे हेच खरे. हातमोजे घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा, कारण या गवताने अंगावर चट्टे उठतात आणि काहींना दम्याचा त्रास होतो. रिकाम्या झालेल्या जागेत तरोट्याचे (टाकळ्याचे) बी फेकावे. तो दाट उगवतो आणि गाजरगवताला जागा देत नाही.

सड्यावरून

सिंधुदुर्गातून लिहितो. आमच्याकडे गाजरगवताइतकाच रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपाचा प्रश्न मोठा आहे. काजूच्या बागेत दोन वर्षे साफसफाई राहिली की रानमोडी माणसाच्या डोक्यावर जाते आणि उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपण होते. खासगी बागेत निदान मालक काहीतरी करतो. देवराईच्या कडेला आणि सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, मात्र कोणी पाहत नाही.

आंबोलीजवळचे हिरण्यकेशीचे उगमस्थान आणि बांबर्डे येथील जायफळ कुळातील झाडांची दलदल ही आमच्या जिल्ह्यातील दोन स्थळे जैविक विविधता अधिनियमाच्या कलम ३७ खाली वारसा स्थळे म्हणून घोषित झाली आहेत. त्याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. माझा मुद्दा असा की वारसा स्थळ घोषित करताना त्याच्या व्यवस्थापन आराखड्यात परक्या वनस्पतींची वार्षिक पाहणी सक्तीची करावी. बांबर्ड्याचे क्षेत्र इतके लहान आहे की तेथे पाहणीला एक दिवस पुरेल आणि उपटायला चार माणसे. हे लवकर केले तर स्वस्त पडते, आणि दहा वर्षांनी करायचे ठरवले तर कोणाच्याच आवाक्यात राहत नाही.

मुळाकाठ

पुण्यात नदीकाठी राहणाऱ्यांना जलपर्णी नवी नाही. दर उन्हाळ्यात ती काढण्याची निविदा निघते, यंत्रे येतात, काठावर ढीग पडतात आणि पुढच्या वर्षी सर्व पुन्हा होते. आसामने १९२६ मध्ये आणि बंगालने १९३६ मध्ये केवळ जलपर्णीसाठी स्वतंत्र कायदे केले होते आणि जमीनधारकाने आपल्या पाण्यातली जलपर्णी नष्ट करावी असे बंधन त्यांत होते. त्या काळी भातशेती आणि नावांचे मार्ग अडले होते. इतके स्पष्ट बंधन असूनही जलपर्णी तेथून गेली नाही. म्हणून केवळ "काढा" असे सांगणाऱ्या कायद्यावर माझा फारसा विश्वास नाही. पाण्यात मैला जात आहे तोवर जलपर्णीला खत मिळतच राहणार. माझ्या मते पुण्याच्या जलपर्णीला आवरणारा खरा कायदा १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा आहे आणि तिला आवरणारी संस्था म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र.

तृणपर्ण

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. चर्चा चांगली चालली आहे, परंतु "परके" आणि "आक्रमक" हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जाऊ लागले आहेत, म्हणून लिहिते. मिरची, बटाटा, काजू, पेरू, सीताफळ ही सर्व अमेरिका खंडातून आलेली आहेत. बाहेरून आलेल्या वनस्पतींपैकी थोड्याच आपोआप पसरतात आणि त्यांतल्याही थोड्याच स्थानिक जीवसृष्टीला हटवतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाच्या अहवालात जगभरात माणसाने हलवलेल्या सुमारे ३७ हजार प्रजातींची नोंद आहे आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक उपद्रवी ठरल्या आहेत. म्हणजे दहातली एक. कायद्याने त्या एकीला ओळखायला हवे. त्यासाठी यादी हवी आणि ती प्रदेशानुसार हवी, कारण सह्याद्रीच्या माथ्यावर जे तण घातक आहे ते मराठवाड्यात उगवणारही नाही.

त्याच अहवालातील आणखी एक गोष्ट या धाग्याशी जुळते. ८० टक्के देशांनी आपल्या राष्ट्रीय जैवविविधता आराखड्यात आक्रमक प्रजातींबाबत उद्दिष्टे लिहिली आहेत, पण त्यासाठी खास कायदा किंवा नियम असलेले देश केवळ १७ टक्के आहेत. उद्दिष्ट आणि बंधन यांतले हे अंतर फक्त आपले नाही.

आपल्याकडे स्वतंत्र व्यवस्था उभी करण्याचा प्रयत्न झाला होता. कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले, त्यात एका राष्ट्रीय प्राधिकरणाची कल्पना होती, आणि २०१४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा विधेयकही व्यपगत झाले. याचे मला आजही वाईट वाटते.

उलट्या दिशेचा एक धोकाही सांगते. अभयारण्यातील घाणेरी (टणटणी) हे परके झुडूप काढणेसुद्धा कायद्याने सोपे नाही. वन्यजीव अधिनियमाच्या कलम २९ नुसार अभयारण्यातून काहीही काढायचे तर ते वन्यजीवांच्या भल्यासाठी आवश्यक असल्याची खात्री करून रीतसर परवानगी घ्यावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २००० च्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून झाडे-गवत हलवण्यावर कडक निर्बंध आले. हे निर्बंध लाकूडचोरी थांबवण्यासाठी आवश्यक होते आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पण भारतातील वाघांच्या अधिवासाच्या सुमारे ४० टक्के क्षेत्राला घाणेरीचा धोका असल्याचे २०२० मधील अभ्यासात दिसले आहे. तेव्हा परवानगीची वाट जंगल राखणाऱ्या अधिकाऱ्यासाठी सुकर असायला हवी. शहरांतही तसेच आहे. १९७५ चा नागरी वृक्ष संरक्षण कायदा वृक्षाची व्याख्या करताना देशी-विदेशी असा भेद करत नाही, त्यामुळे टेकडीवरचे गिरीपुष्प काढून तेथे स्थानिक झाड लावायचे असले तरी प्रश्न वृक्ष प्राधिकरणापुढे जातो.

दूरदेशी

मी गेली अकरा वर्षे नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला राहतो. येथील व्यवस्था तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देते, म्हणून सांगतो. दक्षिण आफ्रिकेत २००४ चा जैवविविधता कायदा आहे आणि त्याखाली २०१४ मध्ये आक्रमक प्रजातींचे नियम आले. यादीतील प्रत्येक वनस्पतीला वर्ग दिलेला आहे. काही समूळ नष्ट करायच्याच, काहींवर नियंत्रण ठेवायचेच, काही परवान्याशिवाय ठेवता येत नाहीत, आणि काही शोभेची झाडे आहेत तेथे राहू द्यायची पण नवी लावायची किंवा विकायची नाहीत. कर्तव्य जमीनमालकाचे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. गाजरगवत, रानमोडी, घाणेरी आणि जलपर्णी, म्हणजे तुम्ही वर लिहिलेल्या चारही वनस्पती, येथे "नियंत्रण ठेवलेच पाहिजे" या वर्गात आहेत. जमीन किंवा घर विकताना त्यावर यादीतील वनस्पती असल्यास विक्रेत्याने खरेदीदाराला ते लेखी कळवावे लागते. हे वाचले तेव्हा मला आपल्या सातबाऱ्याची आठवण झाली.

यामागे पैसाही आहे. १९९५ पासून "वर्किंग फॉर वॉटर" नावाचा सरकारी कार्यक्रम चालू आहे. बाहेरून आलेली झाडे नद्यांचे पाणी पितात, म्हणून ती तोडायची आणि ते काम गरीब वस्त्यांतील बेरोजगारांना द्यायचे, अशी ती कल्पना आहे. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही आणि जंगलात घाणेरी अजूनही भरपूर दिसते. तरी जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येथे कोणाला विचारावा लागत नाही.

माणदेशी_मेंढपाळ

यादी करताना आमचेही ऐकावे. आमच्या भागात वेडी बाभूळ माजली आहे आणि तिच्या काट्याने मेंढरांचे खूर सुजतात, हे खरे. पण तिच्याच शेंगा उन्हाळ्यात मेंढरे खातात आणि तिच्याच लाकडावर अनेक घरांची चूल पेटते. एका दिवसात सर्व काढा असा आदेश आला तर आधी त्या घरांना काय देणार ते सांगावे.

कलमवाचक

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पती आणि परिसंस्था पुनर्स्थापना यांबाबत राज्याचे धोरण आणले, त्यात काढण्याबरोबरच जागा पूर्ववत करण्याचा विचार आहे. तेथे वेड्या बाभळीविषयी मद्रास उच्च न्यायालयात बराच काळ प्रकरणे चालली आणि काढणीचे आदेशही झाले. न्यायालयाच्या आदेशाने झाड निघते, पण त्यानंतर त्या जमिनीवर काय उगवावे हे ठरवायला धोरण आणि स्थानिक माणूस लागतो. महाराष्ट्राने असे धोरण करावे आणि ते करताना मेंढपाळांना, मच्छीमारांना आणि वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना बोलवावे, असे माझे मत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला जंगल व जैवविविधता राखण्याचा अधिकार देतेच.

रानजाई, आणखी एक. तुमच्या लोक जैवविविधता नोंदवहीच्या विहित नमुन्यात तणांसाठी स्वतंत्र तक्ता आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. तुमच्या वहीत तो तक्ता कसा भरला आहे ते पाहून सांगाल काय?

रानजाई

काल रात्री नोंदवही उघडून पाहिली. तणांच्या तक्त्यात दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत "गाजरगवत" आणि दुसरीत "इतर". कोठे आहे, किती आहे, कधीपासून आहे, त्याने काय हटवले, यातले काहीही लिहिलेले नाही. मी स्वतः समितीवर असूनही इतके दिवस ते पान नीट वाचले नव्हते, याची खंत वाटते.

आज सकाळी समितीची बैठक घेतली. गायरानाचे गट क्रमांकानुसार भाग पाडून प्रत्येक भागात गाजरगवत, घाणेरी आणि वेडी बाभूळ किती आहे याची नोंद शाळेतील मुले व मेंढपाळ मिळून करतील. मारवेल आणि पवना कोठे टिकून आहेत तेही लिहायचे आहे, कारण बी तेथूनच गोळा करावे लागेल. वेड्या बाभळीला यंदा हात लावायचा नाही असे ठरले. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचा ठराव खाली देते, त्यातील भाषा कलमवाचकांनी तपासावी ही विनंती.

"ही ग्रामसभा ठराव करते की गावाच्या हद्दीतील गायरान, रस्त्याच्या कडा आणि पडीक जमिनी यांवरील गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी काढण्यात यावे, जैवविविधता व्यवस्थापन समितीने त्याची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत दरवर्षी अद्ययावत करावी, आणि खासगी पडीक जमिनीवरील उपद्रवी तणांबाबत जमीनधारकाचे कर्तव्य कोणत्या कायद्याखाली निश्चित करता येईल, याची लेखी विचारणा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कृषी विभागास व राज्य जैवविविधता मंडळास करण्यात यावी."

मुंबईच्या शेजाऱ्यांना ठरावाचा मसुदा पाठवला आहे. अजून कायद्याचे कलम सांगता आले नाही, असेही त्यांना कळवले. त्यांचा संध्याकाळी फोन आला. रविवारी स्वतः येतो म्हणाले, आणि तरोट्याचे बी कोठे मिळेल ते विचारत होते.